सिंकचा नळ बदलायचाय? आधी घरचं पाणी बघा, मग दुकान गाठा

नळ ठिबकतो म्हणजे नळ गेला, असं नाही. पाणी नेमकं कुठून येतंय ते आधी पाहावं. नळ घट्ट बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडत असतील, तर दोष आतल्या वायसरचा किंवा स्पिंडलचा, म्हणजे मूठ फिरवली की पाणी उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या आतल्या भागाचा. जुन्या, तीन-चार फेरे फिरवायच्या नळात रबरी वायसर असतो. तो दहा-वीस रुपयांचं काम. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळाचा अख्खा स्पिंडलच बदलतात; त्याला साधारण दीडशे ते तीनशे रुपये पडतात. नळ चालू असतानाच मुठीखालून पाणी झिरपत असेल, तर ग्लँड, म्हणजे मुठीखालची नट, सैल झालाय. तो पाव फेरा आवळून बघावा, नाही थांबलं तर त्यातली दोरी बदलावी. इकडेतिकडे फिरणाऱ्या नळीच्या बुडातून पाणी येत असेल, तर तिथली ओ-रिंग झिजलीय. ही रिंग दुकानात सुटी मिळते, फक्त जुनी रिंग बरोबर न्यायला विसरू नका.

नळ खरोखर बदलायची वेळ येते ती वेगळ्या कारणांनी. मूळ धातूला तडा किंवा सुईएवढं भोक पडलंय. भिंतीत जाणारे नळाचे आटे झिजलेत. क्रोमचे पापुद्रे निघून खालून धातू खाल्ला जातोय. किंवा नवा वायसर घालूनही महिनाभरात पुन्हा ठिबक सुरू होते, म्हणजे वायसर ज्या कडेवर बसतो ती कडच पाण्यानं कोरली गेलीय. अशा कडेवर दर महिन्याला वायसर बदलत राहण्यात अर्थ नसतो. आणखी एक कारण म्हणजे त्या नळाचा स्पिंडल बाजारातच न मिळणं. हे स्वस्त नळांच्या बाबतीत फार होतं, आणि नवा घेताना सगळ्यात जास्त विचार करायचा तो याच गोष्टीचा.

घरात पाणी कुठलं येतं

मुंबईला तानसा-वैतरणा-भातसाचं किंवा पुण्याला खडकवासल्याचं धरणाचं पाणी मऊ असतं. त्या पाण्यावर जवळपास कुठलाही बरा नळ टिकतो. पण शहरांच्या वाढत्या उपनगरांत निम्मं पाणी बोअरचं आणि टँकरचं असतं. मराठवाडा, सोलापूर, विदर्भाच्या बऱ्याच भागांत तर बोअरशिवाय पर्याय नसतो. या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. नळाच्या तोंडाशी पांढरा कडक थर धरतो तो याचाच. गरम पाण्यानं तो आणखी लवकर धरतो, म्हणून मिक्सरची, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र देणाऱ्या नळाची, गिझरकडची बाजू आधी जड होते.

पाणी जड आहे का हे ओळखायला यंत्र लागत नाही. स्टीलच्या ताटलीत पाण्याचे चार थेंब टाकून ते तसेच वाळू द्या. पांढरे, नखानं खरवडावे लागतील असे डाग राहिले तर पाणी जड. साबणाला फेस कमी येत असेल तर ती दुसरी खूण.

क्षाराखेरीज पाण्यात गाळही असतो. दिवसाआड पाणी सोडणाऱ्या गावांत रिकामी पाइपलाइन भरताना गंजाचे कण आणि बारीक वाळू ओढली जाते. गच्चीच्या टाकीची साफसफाई होते त्या दिवशीही तेच. पाव-अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या, आत सिरॅमिक चकत्या असलेल्या नळाचा मोठा शत्रू क्षार नव्हे, हा गाळ. क्षारानं नळ जड होतो, वाळूनं चकती ओरखडली जाते. ओरखडलेली चकती बदलण्याशिवाय इलाज नाही.

कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात पाण्यापेक्षा हवा त्रास देते. खाऱ्या दमट हवेत पातळ क्रोमवर हिरवे ठिपके उठतात, हलक्या स्टीलवर गंजाचे तपकिरी डाग पडतात.

दाब मोजा, मग मिक्सरची स्वप्नं बघा

गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर हिशेब सोपा आहे: दहा मीटर उंचीला साधारण १ बार दाब. एक मजला म्हणजे तीन मीटर, म्हणजे ०.३ बार. चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावरच्या सिंकपाशी टाकीतलं पाणी जेमतेम तीन-चार मीटर वर असतं, म्हणजे दाब ०.३ ते ०.४ बार. युरोपीय बनावटीचे बरेच एक-दांडीचे मिक्सर किमान अर्धा बार आणि नीट चालायला १ बार दाब धरून बनवलेले असतात. ते वरच्या मजल्यावर लावले की दुकानात झोकात दिसलेल्या नळातून घरी करंगळीएवढी धार येते. मग गिऱ्हाईक कंपनीला दोष देतं, कंपनी प्लंबरला.

आकडा काढायचा असेल तर एक लिटरचं माप घ्या, आत्ताचा नळ पूर्ण उघडा आणि फोनमध्ये वेळ लावा. नळाच्या तोंडाची जाळी आधी काढून ठेवा, नाहीतर माप जाळीचं होतं, लाइनचं नाही. लिटर भरायला सहा सेकंद लागले तर मिनिटाला दहा लिटर. उत्तम, हवा तो नळ घ्या. दहा सेकंद म्हणजे मिनिटाला सहा लिटर: चालेल, पण कमी दाबाला चालतो असं लिहिलेलाच मिक्सर घ्या. पंधरा सेकंदांच्या वर गेलं तर साधा, मोठ्या भोकाचा एकेरी नळ घ्यावा आणि फेसाळ धार देणारी बारीक जाळी त्याला लावूच नये.

उलट टोकाला उंच टॉवर आणि प्रेशर पंप. तिथे दाब ३ बारच्या वर जातो, आणि पाव फेऱ्यात खटकन बंद होणारा नळ पाण्याला एकदम अडवतो. भिंतीत 'धप्प' आवाज येतो तो हाच धक्का. त्यानं सांधे सैल होतात. अशा घरात जाळी हवीच, आणि सिंकखालच्या किंवा लाइनच्या व्हॉल्व्हनं प्रवाह थोडा दाबून ठेवायचा.

मापं

जुना नळ कुठून निघतो, यावर नव्याचा प्रकार ठरतो. आपल्याकडे बहुतेक जुन्या ओट्यांवर नळ भिंतीतून येतो. दुकानदार याला सिंक कॉक म्हणतात, आणि याच्या आट्याचं माप अर्धा इंच, म्हणजे १५ मिलिमीटर. प्लंबर 'चार सुती' म्हणाला तर तेच. गरम-गार दोन्ही पाणी भिंतीतून येत असेल तर दोन तोंडांच्या मध्यांतलं अंतर मोजा. प्रमाण अंतर १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच. मिक्सरबरोबर येणारे वाकडे लेग फिरवून यात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक सांभाळता येतो, त्यापेक्षा जास्त नाही. नळ सिंकवर किंवा ग्रॅनाइटवर उभा असेल तर भोक साधारण ३५ मिलिमीटरचं असतं. तिथे खालून दोन लवचिक पाइप आणि अँगल कॉक (सिंकखाली पाणी बंद करायचे छोटे नळ) लागतात. हा खर्च नळाच्या किमतीत धरलेला नसतो.

भिंतीतला नळ मागताना तीन मापं कागदावर लिहून न्या.

१. भिंतीच्या टाइलपासून सिंकच्या मध्यापर्यंतचं अंतर. पाणी मध्यापासून फार तर दोन-तीन इंच मागे पडलं तर चालतं. नळी त्याहून आखूड असेल तर भांडी सिंकच्या मागच्या कडेला आपटत घासावी लागतात आणि भिंतीवर शिंतोडे उडतात.

२. सिंकच्या तळापासून भिंतीतल्या तोंडाची उंची. इथे फसगत ठरलेली असते. भिंतीतलं तोंड आधीच ओट्यापासून फूटभर वर असेल आणि त्यावर हंसाच्या मानेसारखा वर जाणारा नळ लावला, तर धार दोन फुटांवरून पडते आणि पोट भिजतं. नळाचं तोंड सिंकच्या तळापासून चौदा ते अठरा इंचांवर असलेलं बरं. भिंतीतलं तोंड उंच असेल तर सरळ किंवा खाली वाकलेली नळी घ्या, खाली असेल तर वर जाणारी.

३. घरातल्या सगळ्यात उंच भांड्याची उंची. कळशी किंवा मोठा कुकर सिंकमध्ये उभा करून भरायचा असेल तर त्याच्या उंचीत दोन इंच मिळवा. नळाचं तोंड त्याच्या वर हवं.

खिडकीसमोर ओटा असेल तर तावदान उघडताना नळीला अडतंय का तेही बघून घ्या. आणि प्युरिफायर असेल तर भिंत आणि नळ यांच्यामध्ये त्याची तीन-तोंडी जोडणी असते. ती नळाला दीड-दोन इंच पुढे ढकलते, तेव्हा लांबी त्यासकट मोजा. ही जोडणी प्लास्टिकची असेल तर जड पितळी नळ तिच्यावर टांगू नये. नळी रोज डावी-उजवी ओढली जाते, आणि तो सगळा ताण त्या प्लास्टिकच्या आट्यांवर येतो. पितळी जोडणी शंभर-दोनशे रुपयांनी महाग पडते. तिथे पैसे वाचवू नयेत.

धातू कुठला

बाजारात चार गोष्टी मिळतात: पितळ, जस्ताचा मिश्रधातू, स्टेनलेस स्टील आणि पीटीएमटी नावाचं कडक प्लास्टिक. पहिल्या दोन्हींवर क्रोम चढवलं की ते स्टीलसारखेच चमकतात.

पितळ हा जुना आणि अजूनही सर्वांत विश्वासाचा पर्याय. तांबं आणि जस्त साधारण साठ-चाळीस, आणि कातकामाला सोपं जावं म्हणून थोडं शिसं. देशातले पितळी सुटे भाग मोठ्या प्रमाणात जामनगरला बनतात. तिथे चांगला माल आहे तसा भंगार वितळवून ओतलेला हलका मालही आहे. भिंत पातळ ओतली की वजन कमी, किंमत कमी, आणि आटे आवळताना चिरण्याची शक्यता जास्त. म्हणून एकाच आकाराचे दोन कंपन्यांचे नळ दोन हातांत धरून बघा. फरक हाताला कळतो. मात्र नुसत्या वजनावर जाऊ नका, कारण जस्ताचा नळही जडच लागतो.

जस्त ओळखायची युक्ती अशी. नळ उलटा करून आट्याच्या तोंडातून आत बघा, फोनचा टॉर्च लावा. मुलामा आतपर्यंत पोचत नाही, त्यामुळे खरा रंग तिथे दिसतो. पिवळसर असेल तर पितळ, राखाडी-पांढरट असेल तर जस्ताचा मिश्रधातू. आट्याच्या कडेला किल्लीनं हलकं खरवडलं तरी कळतं. दुकानदार खरवडू देणार नाही, टॉर्चला मात्र नाही म्हणत नाही. जस्ताच्या नळाचा मुलामा एकदा फुटला की खालचा धातू पांढरी भुकटी होऊन झडायला लागतो. मूठ जस्ताची असली तर चालेल, पाणी वाहणारा भाग नको.

लोहचुंबकाच्या परीक्षेवर फार विसंबू नका. पितळाला चुंबक चिकटत नाही, जस्तालाही चिकटत नाही. चुंबकानं कळतं ते एवढंच, की स्क्रू किंवा नळी लोखंडाची आहे का. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत तर हमखास गोंधळ होतो. ३०४ आणि २०२ हे दोन्ही प्रकार चुंबकाला जवळपास सारखेच दाद देत नाहीत. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, ते स्वस्त असतं आणि लवकर डागाळतं. ३०४ हवं असेल तर ते नळावर किंवा खोक्यावर छापलेलं हवं आणि बिलावर लिहून घ्यायला हवं. तोंडी '३०४ आहे साहेब' याला किंमत नाही. स्टीलला मुलामा नसतो त्यामुळे पापुद्रे निघत नाहीत, आणि शिशाचाही प्रश्न नाही. जड पाण्याला तो चांगला पर्याय आहे, फक्त आतला स्पिंडल बरा निघायला हवा. स्वस्त स्टीलच्या नळांत तोच कच्चा असतो.

पीटीएमटीला लोक उगाच नाक मुरडतात. खारी हवा, जड पाणी, भाड्याचं घर, बाहेरची मोरी, यांपैकी काहीही असेल तर अडीचशे ते सहाशे रुपयांचा चांगल्या कंपनीचा पीटीएमटी नळ हा शहाणपणाचा सौदा आहे. तो गंजत नाही, त्याला क्रोमच नसल्यामुळे क्रोम जात नाही, आणि भिंतीतल्या सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपवर त्याचा भार पडत नाही. कमतरता दोन. जोर लावून आवळला की त्याचे आटे चिरतात, आणि फिरणाऱ्या नळीचा सांधा पितळेपेक्षा लवकर सैल होतो. गिझरच्या लाइनवर मात्र तो लावू नये.

पितळी नळाबद्दल एक सवय सांगून ठेवतो. रात्रभर नळात साठलेलं पाणी सकाळी पिण्यासाठी भरू नका. आधी अर्धा मिनिट वाहू द्या आणि ते बादलीत धरून झाडांना घाला. शिशाचा जो काही अंश पाण्यात उतरतो तो साठलेल्या पाण्यातच जास्त असतो.

पैसे कुठे घालायचे: स्पिंडल

टिकाऊपणा ठरतो तो आतल्या या छोट्या भागावर. प्रकार तीन.

रबरी वायसरचा, फेरे घेणारा स्पिंडल जुनाट दिसतो, पण गाळाच्या पाण्याला तोच उत्तम. वाळूचा कण रबरात रुततो, नळ थोडा ठिबकतो, वायसर बदलला की पुन्हा कोरा. गावाकडच्या घरासाठी, जिथे प्लंबर आठवड्यानं येतो, तिथे दुसरं काही घेऊ नये.

सिरॅमिक चकत्यांचा पाव किंवा अर्ध्या फेऱ्याचा स्पिंडल हात लागताच उघडतो-मिटतो. पिठाच्या हातानं मनगटानंही चालवता येतो, आणि वयस्कर माणसांना तो फार सोयीचा. स्वच्छ पाण्यावर वर्षानुवर्षं चालतो. गाळ असेल तर घराच्या मुख्य लाइनवर जाळीचा फिल्टर बसवूनच हा घ्यावा.

एक-दांडीच्या मिक्सरमध्ये स्पिंडलच्या जागी कार्ट्रिज असतो, बहुतेकदा ३५ किंवा ४० मिलिमीटर व्यासाचा. घेण्याआधी दुकानदाराला सरळ विचारा: 'याचा कार्ट्रिज आत्ता दुकानात आहे का? दाखवा.' नसेल तर तो नळ सुंदर असला तरी सोडून द्या. स्पिंडलच्या बाबतीतही हाच नियम. स्पिंडल सगळे सारखे दिसतात, पण मुठीत बसणाऱ्या टोकाचे दाते वेगवेगळे असतात, लांबीही वेगळी असते, आणि दोन मुठींच्या मिक्सरमध्ये गरम आणि गार बाजूचे स्पिंडल उलट दिशांनी उघडणारे असू शकतात. म्हणून नळ घेतानाच एक जादा स्पिंडल घेऊन खोक्यात टाकून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त विमा.

ओढून काढायच्या फवाऱ्याचे नळ हल्ली जाहिरातींत फार दिसतात. जड पाणी आणि बेताचं बजेट असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. फवाऱ्याची भोकं बुजतात, आतला पाइप घासला जातो, आणि सुटा पाइप सहज मिळत नाही.

रंगाबद्दल एवढंच: बोअरचं पाणी असेल तर काळा मॅट नळ घेऊ नका, प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग उठून दिसेल. साधं क्रोम किंवा घासलेलं स्टील घ्या.

दुकानात

किमती गावागणिक बदलतात, पण अंदाज असा. ३०४ स्टीलचा साधा सिंक कॉक सहाशे ते दीड हजार, नावाजलेल्या कंपनीचा पितळी सिंक कॉक बाराशे ते अडीच हजार, भिंतीतला पितळी मिक्सर तीन ते सहा हजार. छापील किमतीवर सूट मागायचीच, या धंद्यात ती असतेच. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मालिकांत आतला स्पिंडल बऱ्याचदा एकच असतो आणि फरक मुठीच्या नक्षीचा. हे विचारून घ्या, आणि तसं असेल तर स्वस्त मालिका उचला. पुण्याच्या बोहरी आळीसारख्या हार्डवेअरच्या बाजारात एकाच फेरीत पाच-सहा दुकानांत भाव विचारता येतात. कोपऱ्यावरच्या दुकानात थोडं महाग पडतं, पण नळ बदलून घ्यायला ते जवळ असतं. तीनशे रुपयांच्या फरकासाठी कुठे जायचं ते आपलं आपण ठरवावं.

आयएसआय चिन्ह असेल तर त्यावरचा क्रमांकही वाचा. साध्या पितळी तोट्यांसाठी आयएस ७८१, फॅन्सी पितळी नळांसाठी आयएस ८९३१, प्लास्टिकच्या नळांसाठी आयएस ९७६३. चिन्हाखाली सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते जागेवरच दिसतं. चिन्ह आहे पण क्रमांकच नाही, असा माल दिसला की समजून जा.

वॉरंटीचे शब्द वाचा. 'दहा वर्षं' हे बहुधा मूळ धातूला असतं. मुलामा, रबर आणि क्षारानं झालेली खराबी यांतून वगळलेली असते. बिल जीएसटीचं, मॉडेल क्रमांकासकट घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा, कारण दुकानाच्या पातळ कागदावरची छपाई वर्षभरात उडून जाते. प्लंबर सोबत येऊन एखाद्याच दुकानाचा, एखाद्याच कंपनीचा फार आग्रह करत असेल तर त्याचं मत ऐका, पण खरेदी आपण स्वतंत्र करा.

नळाबरोबर हे घ्या: टेफ्लॉन टेपचं एक रीळ, फ्लँज (नळाभोवती टाइलवर बसणारी गोल चकती) खोक्यात नसेल तर तो, दोन-तीन मापांच्या एक्स्टेन्शन निपल (आटे पुढे आणणारे जोडतुकडे), आणि अर्धा इंची डमी, म्हणजे भिंतीतलं तोंड बंद करायचं बूच. डमी दहा-वीस रुपयांची. नळ काही कारणानं बसलाच नाही तर ती लावून घराचं पाणी पुन्हा सुरू करता येतं. रविवारी संध्याकाळी दुकानं बंद असताना तिची किंमत कळते.

बसवताना

काम अर्ध्या तासाचं. पाना दहा-बारा इंची, जबडा कमी-जास्त होणारा घ्या. दातेरी पाइप पाना क्रोमवर लावू नका.

आधी लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. तो ड्राय बाल्कनीत, माळ्यावर किंवा गच्चीत असतो. सिंकचा नळ उघडून पाणी थांबल्याची खात्री करा, आणि सिंकच्या जाळीवर फडकं टाका. छोटे स्क्रू नेमके तिथेच पडतात.

जुना नळ घड्याळाच्या उलट दिशेनं सोडवा. धोका काय असेल तर तो इथेच. भिंतीत सीपीव्हीसीचा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, असतो आणि त्यात पितळी आटे बसवलेले असतात. झटका देऊन फिरवलं तर एल्बोच फिरतो किंवा चिरतो, मग टाइल फोडण्याशिवाय मार्ग उरत नाही. म्हणून दाब हळूहळू वाढवा. हलत नसेल तर आधी किंचित आवळून मग सोडवून बघा, गंजाची पकड तशी तुटते. जुन्या लोखंडी पाइपवर गंज सोडवायचा स्प्रे मारून तासभर थांबलं तर चालतं. सीपीव्हीसीवर मात्र असा स्प्रे किंवा कुठलंही तेल वापरू नये, त्यानं प्लास्टिकला तडे जाऊ शकतात. ढिम्म हललाच नाही तर तिथेच थांबा आणि प्लंबरला बोलवा. त्याची मजुरी टाइलपेक्षा स्वस्त.

नळ निघाल्यावर भिंतीतले आटे जुन्या दातब्रशनं साफ करा, जुना टेप-दोरा पूर्ण काढा. मग भोकासमोर बादली धरून व्हॉल्व्ह दहा सेकंद उघडा. साठलेला गंज आणि खपल्या बाहेर पडतात. ही पायरी गाळल्यामुळेच नवा सिरॅमिक नळ पहिल्याच दिवशी ओरखडला जातो.

एल्बो टाइलच्या आत खोल असेल तर नळाचे आटे जेमतेम दोन फेरे पकडतात. तेवढ्यावर सोडू नका, योग्य लांबीची निपल घालून किमान पाच-सहा फेरे पकड मिळवा. नळावर टेप गुंडाळताना आट्याचं टोक आपल्याकडे धरा आणि घड्याळाच्या दिशेनं गुंडाळा, म्हणजे आवळताना तो उलगडत नाही. बाजारातला टेप पातळ असतो, तेव्हा दहा-बारा वेढे, ताणून, आट्यांत रुतेल असे. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन जाळीत अडकतो. सफेदा आणि दोरा लोखंडी पाइपपुरता ठीक. प्लास्टिकच्या आट्यांवर फक्त टेप.

फ्लँज आधी नळावर ओवा. बसवल्यावर आठवला तर सगळं पुन्हा काढावं लागतं, आणि हे अनुभवी माणसांचंही होतं. नळ हातानंच जाईल तितका फिरवा. मग पान्याच्या जबड्यात फडकं घालून एक-दीड फेरा आवळा, नळी सरळ खाली येईल अशा बेतानं. थोडा जास्त फिरला म्हणून उलटा फिरवून सरळ करू नका. उलटा फिरवला की टेपची पकड सुटते आणि भिंतीच्या आत गळती सुरू होते, ती महिन्याभरानं पलीकडच्या खोलीत ओल म्हणून दिसते. जास्त फिरला तर पूर्ण काढा, टेप बदला, दोन वेढे जास्त घाला, पुन्हा लावा.

ओट्यावरच्या नळाचे लवचिक पाइप हातानं घट्ट करून फक्त पाव फेरा पान्यानं आवळावेत. त्यांच्या टोकाला रबर असतं, तिथे टेप लागत नाही. पाइपला पीळ पडू देऊ नका. आणि सिंकखाली ॲसिडच्या बाटल्या ठेवू नका. त्यांच्या वाफेनं स्टीलची जाळी गंजते, मग एका रात्री पाइप फुटतो आणि स्वयंपाकघरात तळं होतं.

शेवटी तोंडाची जाळी काढून व्हॉल्व्ह हळू उघडा, मिनिटभर पाणी वाहू द्या, मग जाळी लावा. टाइल आणि फ्लँजच्या मधल्या फटीत टिश्यू पेपर खोचून तासाभरानं बघा. कोरडा असेल तर फटीच्या वरच्या अर्ध्या भागात सिलिकॉन भरा. खालची बाजू मोकळी सोडा, म्हणजे उद्या आत गळलंच तर बाहेर दिसेल.

नंतरची देखभाल

जाळी दर दोन-तीन महिन्यांनी काढून अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवा आणि ब्रशनं घासा. धार अचानक बारीक झाली तर दहांतल्या नऊ वेळा दोष जाळीचा असतो, नळाचा नव्हे. क्रोमवरचा पांढरा थर लिंबाच्या फोडीनं किंवा व्हिनेगरच्या फडक्यानं निघतो, पण दहा-पंधरा मिनिटांत धुऊन कोरडं पुसा. टॉयलेटचं ॲसिड आणि तारेची घासणी नळाच्या जवळही नेऊ नका, मुलामा एकदा गेला की परत येत नाही. सिरॅमिक स्पिंडल जड झाला तर तो काढून व्हिनेगरमध्ये ठेवा, धुवा, आणि सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. गोडेतेल लावू नका, त्यानं आतलं रबर फुगतं.

टाकी साफ होणार असेल त्या दिवशी सिंकचा नळ बंदच ठेवा आणि पहिलं गढूळ पाणी मोरीच्या साध्या तोटीतून सोडा. जुना नळ पितळी असेल तर भंगारात किलोच्या भावानं चांगले पैसे मिळतात. त्यातला चालू स्पिंडल, मूठ आणि जाळी काढून घ्या, आणि मगच तो वजनाला टाका.